नेत्रांतर्गत सौम्य रंजित वृद्धी : निदान आणि निरीक्षण

त्वचेवर तीळ असणे यात कोणास नवल वाटत नाही. तसाच तीळ डोळ्याच्या आतही असू शकतो, ही गोष्ट मात्र बहुतेकांस ठाऊक नसते. ज्या दिवशी ती प्रथम कळते त्या दिवशी ती परीक्षकाच्या तोंडून, अपुऱ्या उलगड्यासह आणि बहुधा ‘कर्करोग’ या शब्दाच्या छायेत कळते. वास्तविक या तिळांपैकी अगदी थोडे मारक रूप धारण करतात; परंतु जे करतात ते दृष्टीच नव्हे तर प्राणही नेऊ शकतात. निरुपद्रवी तिळाला अर्बुद मानणे आणि अर्बुदाला निरुपद्रवी तीळ मानणे, अशा दोन चुका येथे संभवतात, आणि दोहोंचीही किंमत रुग्णाला मोजावी लागते. या दोन चुकांच्या मधून वाट कशी काढावयाची, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न महानगरातील सुसज्ज नेत्ररुग्णालयात जितका महत्त्वाचा आहे तितकाच, किंबहुना अधिक, तालुक्याच्या गावी आहे. म्हणून पुढील विवेचनात जालना जिल्ह्यातील भोकरदन हे गाव उदाहरणादाखल डोळ्यांसमोर ठेवले आहे. केळणा नदीकाठचे हे प्राचीन भोगवर्धन आज कापूस, मका आणि मिरची पिकविणाऱ्या तालुक्याचे ठिकाण आहे. अशा ठिकाणी डोळ्याच्या आतील भाग तपासला जाण्याचे प्रसंग मुख्यतः दोन : मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि मधुमेही रुग्णाची पडद्याची तपासणी. नेत्रांतर्गत तीळ याच दोन प्रसंगी, ध्यानीमनी नसताना, परीक्षकाच्या दृष्टीस पडतो.

रचना आणि उत्पत्ती

नेत्रगोलकाच्या भित्तीचे स्थूलमानाने तीन थर मानले जातात. बाहेर पांढरे व चिवट श्वेतपटल, आत प्रकाशसंवेदी दृष्टिपटल, आणि या दोहोंच्या मध्ये रक्तवाहिन्यांनी व रंगद्रव्याने भरलेले रंजितपटल, ज्यास वैद्यकीय व्यवहारात कोरॉइड असे म्हणतात. रंजितपटल पुढच्या बाजूस लोमश पिंडात व तेथून बुबुळाच्या रंगीत पडद्यात विलीन होते. या संपूर्ण मधल्या थरात मेलॅनिन हे कृष्णरंजक तयार करणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. भ्रूणावस्थेत चेताशिखेतून निघून त्या येथवर स्थलांतर करतात. त्वचेतील रंजकपेशींचा उगमही तोच आहे.

या पेशींचा एखाद्या ठिकाणी मर्यादित संचय झाला म्हणजे नीव्हस, अर्थात तीळ, तयार होतो. रंजितपटलातील तीळ सर्वसाधारणपणे राखी किंवा पाटीसारख्या करड्या-तपकिरी रंगाचा, सपाट किंवा किंचित उंचावलेला, आणि कडेस हळूहळू विरत जाणारा असतो. क्वचित तो रंगहीन व पिवळसरही असतो. बहुतेक तीळ पौगंडावस्थेनंतर दिसू लागतात, असे मानले जाते. जुन्या तिळावरील दृष्टिपटलाच्या रंजकस्तरात कालांतराने बदल होतात आणि ड्रूझन नावाचे बारीक पिवळसर ठिपके साचतात. हे ठिपके तीळ दीर्घकाळ जागच्या जागी असल्याची निशाणी होत, आणि म्हणून निदानाच्या दृष्टीने ते आश्वासक ठरतात.

तीळ आणि मारक मेलॅनोमा यांच्यातील नाते आता जनुकीय पातळीवरही काही अंशी उलगडले आहे. नेत्रांतर्गत मेलॅनोमातील बहुसंख्य अर्बुदांत जी. एन. ए. क्यू. किंवा जी. एन. ए. ११ या जनुकांपैकी एकात उत्परिवर्तन आढळते. तेच उत्परिवर्तन निरुपद्रवी तिळांतही सापडते. यावरून असे दिसते की, हा बदल पेशींना वाढीची पहिली चालना देतो, पण एवढ्याने त्या मारक होत नाहीत. त्यासाठी आणखी बदल घडावे लागतात. बी. ए. पी. १ या जनुकाचा नाश आणि तिसऱ्या गुणसूत्राच्या जोडीतील एकाचा लोप, हे त्या पुढच्या बदलांपैकी सर्वांत घातक होत. पहिली पायरी चढलेल्या असंख्य तिळांपैकी दुसरी पायरी फारच थोडे चढतात.

प्रमाण आणि वंशभेद

गौरवर्णीय लोकसमूहांत रंजितपटलातील तिळाचे प्रमाण बरेच आहे. ऑस्ट्रेलियातील ब्लू माउंटन्स येथील नेत्रसर्वेक्षणात ते प्रौढांच्या सुमारे ६.५ टक्के आढळले. अमेरिकेत अनेक वंशांच्या लोकांची एकाच पद्धतीने तपासणी झालेल्या एका अभ्यासात गौरवर्णीयांत सुमारे ४ टक्के, तर कृष्णवर्णीय व चिनी वंशाच्या लोकांत १ टक्क्याहूनही कमी प्रमाण दिसले. मारक मेलॅनोमाच्या बाबतीत ही तफावत आणखी ठळक आहे. अमेरिकेत दरवर्षी दहा लाख लोकसंख्येमागे सुमारे ५ जणांना हा रोग होतो. जपान व कोरिया या देशांत हे प्रमाण दहा लाखांमागे एकाहूनही कमी आहे.

या आकड्यांचा अर्थ लावताना एक सावधगिरी आवश्यक आहे. गडद वर्णाच्या व्यक्तीच्या डोळ्यात रंजितपटलाची पार्श्वभूमीच काळसर असते. त्या पार्श्वभूमीवर करडा तीळ उठून दिसत नाही. तेव्हा आढळलेले कमी प्रमाण अंशतः खरे आणि अंशतः पाहण्याच्या अडचणीमुळे आलेले असू शकते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातही लोकसंख्येवर आधारलेले नेत्रसर्वेक्षण होऊ शकते, हे नागपूरजवळील आठ खेड्यांत २००६ ते २००८ या काळात झालेल्या मध्य भारत नेत्र व वैद्यकीय अभ्यासाने दाखवून दिले आहे. त्यात तीस वर्षांवरील ४,७११ व्यक्तींची तपासणी झाली. मराठवाड्यातील तालुक्यांत तशाच धर्तीचे काम करावयाचे झाल्यास काळसर पार्श्वभूमीचा हा मुद्दा प्रथमपासून ध्यानात घ्यावा लागेल.

‘आपल्याकडे हा रोग विरळ आहे’ हे विधान खरे असले तरी त्याचा आधार घेऊन निष्काळजी राहणे योग्य नव्हे. भारतीय रुग्णांत मेलॅनोमा विरळ असला तरी तो पाश्चात्त्य रुग्णांच्या तुलनेने लहान वयात आढळतो, असे भारतातील रुग्णमालिकांवरून दिसते. विरळ रोगाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, परीक्षकाला तो पाहण्याची सवय नसते, आणि म्हणून तो समोर आला तरी ओळखला जात नाही.

सारख्या दिसणाऱ्या विकृती

डोळ्यातील प्रत्येक काळा डाग रंजितपटलातील तीळ नसतो. पुढील चार विकृती विशेष लक्षात ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली, दृष्टिपटलाच्या रंजकस्तराची जन्मजात अतिवृद्धी. ही पूर्णतः सपाट, गडद काळी आणि रेखीव कडांची असते. जुनी झाल्यावर तिच्यात रंग उडालेली खिडकीसारखी छिद्रे पडतात. ती जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी असते. मात्र दोन्ही डोळ्यांत असे अनेक, लहान व विषम आकाराचे डाग आढळल्यास मोठ्या आतड्यातील आनुवंशिक पॉलिपांचा विकार कुटुंबात आहे काय, याची चौकशी अवश्य करावी. डोळ्याच्या तपासणीतून आतड्याचा संभाव्य कर्करोग वेळेवर ध्यानात येण्याचे हे एक दुर्मीळ उदाहरण आहे.

दुसरी, दृष्टिचेतेच्या बिंबावरील मेलॅनोसायटोमा. ही कोळशासारखी काळीभोर, पिसासारख्या कडांची वृद्धी चेताबिंबावर किंवा त्याला लागून असते. एके काळी तिला सर्रास मारक समजत. १९६२ साली झिमरमन व गॅरन यांनी तिचे पेशीविज्ञान स्पष्ट करून ती स्वभावतः सौम्य असल्याचे दाखविले. गडद वर्णाच्या लोकांत मेलॅनोमा विरळ असला तरी ही वृद्धी त्या मानाने विरळ नाही. म्हणून भारतीय परीक्षकाला तिची ओळख असणे अगत्याचे आहे. ती क्वचित अत्यंत मंद गतीने वाढते, परंतु मारक रूप धारण करण्याचे प्रमाण १ ते २ टक्केच आहे.

तिसरी, ओटाचा नीव्हस. जपानी त्वचारोगतज्ज्ञ ओटा यांनी १९३९ साली वर्णिलेल्या या विकृतीत एका डोळ्याभोवतीची त्वचा आणि डोळ्याचा पांढरा भाग निळसर-करडा दिसतो. आशियाई लोकांत ती पुष्कळ आढळते आणि घरची माणसे तिला जन्मखूण समजून सोडून देतात. अशा डोळ्यात संपूर्ण रंजितपटलच अधिक काळसर असते. गौरवर्णीयांत अशा सुमारे ४०० व्यक्तींपैकी एकीस आयुष्यात कधीतरी मेलॅनोमा होतो, असा अंदाज आहे. आशियाई लोकांत तो धोका कमी असला तरी शून्य नाही. शिवाय काचबिंदूचा संभव वाढतो. चेहऱ्यावरील ही खूण भिंग वा यंत्र न लावताही दिसते, म्हणून तालुक्याच्या पातळीवर तिची नोंद सहज होऊ शकते.

चौथी, दृष्टिपटलाखाली झालेला रक्तस्राव. वृद्धापकाळी पीतबिंदूच्या ऱ्हासात किंवा पडद्याच्या परिघावर साचलेले रक्त काळसर, उंचावलेल्या अर्बुदासारखे दिसते. ते काही आठवड्यांत वा महिन्यांत विरून जाते. अर्बुद विरत नाही. येथे काळ हाच परीक्षक ठरतो.

या साम्यामुळे पूर्वी किती अनर्थ होई याची कल्पना एका अभ्यासावरून येते. १९६४ साली फेरी यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, मेलॅनोमाच्या संशयावरून काढून टाकलेल्या डोळ्यांपैकी सुमारे पाचांत एका डोळ्यात मेलॅनोमा नव्हताच. पुढे श्राव्यातीत ध्वनीचा उपयोग आणि अनुभवी केंद्रांतील काटेकोर निकष यांमुळे हे चित्र पालटले. अमेरिकेत १९८६ पासून चाललेल्या बहुकेंद्री नेत्र-मेलॅनोमा अभ्यासात चुकीच्या निदानाचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही खाली आले.

निदानाची साधने

डोळ्याच्या आतील भाग जिवंतपणी पाहता येणे १८५१ साली हेल्महोल्ट्झ यांच्या नेत्रदर्शकामुळे शक्य झाले. आजही पहिले साधन तेच, फक्त सुधारलेल्या रूपात : बाहुली विस्फारून, डोक्यावरील दिव्याच्या प्रकाशात, हातातील भिंगातून पडद्याचा परिघापर्यंतचा भाग पाहणे. बाहुली न विस्फारता केलेली तपासणी या विषयात तपासणीच नव्हे, कारण पुष्कळ तीळ मध्यभागापासून दूर असतात.

आकाराची प्रथम मोजणी चेताबिंबाच्या व्यासाशी तुलना करून होते. हा व्यास स्थूलमानाने १.५ मिलिमीटर धरतात. तेव्हा दोन बिंबव्यास रुंदीचा तीळ सुमारे ३ मिलिमीटरचा, आणि ५ मिलिमीटरची महत्त्वाची मर्यादा म्हणजे साडेतीन बिंबव्यासांहून थोडी कमी, असा हिशेब करता येतो. हे माप कोणत्याही खर्चिक यंत्राविना घेता येते.

पडद्याचे रंगीत छायाचित्र ही दुसरी पायरी. हिरव्या व लाल प्रकाशांतील प्रतिमा स्वतंत्रपणे घेणाऱ्या यंत्रात आणखी एक फायदा मिळतो. लाल प्रकाश खोलवर जातो म्हणून रंजितपटलातील तीळ त्यात दिसतो आणि हिरव्या प्रकाशात जवळजवळ नाहीसा होतो. रंजकस्तराची जन्मजात अतिवृद्धी मात्र दोहोंतही दिसते. अशा यंत्राने दाखविलेले रंग नैसर्गिक नसतात, हे मात्र विसरता कामा नये.

जाडी मोजण्यासाठी श्राव्यातीत ध्वनीची तपासणी, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी, करावी लागते. सन १९५६ मध्ये मुंट व ह्यूजेस यांनी नेत्रार्बुदाच्या निदानासाठी तिचा उपयोग वर्णन केला. तिळातून ध्वनीचे परावर्तन जोरकस होते. मेलॅनोमातील पेशी एकसारख्या व दाट असल्याने आतून परावर्तन क्षीण येते आणि अर्बुद प्रतिमेत पोकळ असल्यासारखे भासते. अर्बुदाने वरचे ब्रूख पटल फोडले म्हणजे ते गळपट्टीतून फुगून वर आलेल्या अळंबीसारखे दिसते. हे चिन्ह मेलॅनोमाचेच मानावे.

प्रकाशाच्या व्यतिकरणावर आधारलेली ओ. सी. टी. ही पद्धत १९९१ पासून प्रचारात आली. दृष्टिपटलाखाली साचलेला द्रवाचा केसाएवढा थरही ती दाखविते. त्याचप्रमाणे स्वयंप्रतिदीप्तीची प्रतिमा लायपोफ्युसिन या नारिंगी द्रव्याचे पुंजके उजळवून दाखविते. वरच्या रंजकस्तराच्या पेशींवर ताण पडत असल्याचे ते चिन्ह आहे. सारांश, ड्रूझन जुनेपणाची साक्ष देतात, तर द्रव आणि नारिंगी पुंजके चालू घडामोडीची साक्ष देतात.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो : इतर अर्बुदांप्रमाणे येथेही तुकडा काढून का तपासू नये? त्याचे उत्तर असे की, दोन मिलिमीटरांहून पातळ वृद्धीत सुई घालणे दृष्टीला धोकादायक असते, आणि मिळालेल्या मोजक्या पेशी संपूर्ण वृद्धीच्या प्रतिनिधी असतीलच असे नाही. म्हणून या विकारात निदान बहुधा दर्शनावर आणि काळाच्या ओघात दिसलेल्या बदलावरच उभे राहते.

धोक्याच्या लक्षणांचे मोजमाप

फिलाडेल्फिया येथील विल्स नेत्ररुग्णालयातील कॅरोल शील्ड्स व त्यांचे सहकारी यांनी १९९५ पासून तिळाचे मेलॅनोमात रूपांतर होण्याची पूर्वचिन्हे शोधण्याचे काम केले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या २,३५५ तिळांच्या अभ्यासात सहा लक्षणे निश्चित झाली : जाडी २ मिलिमीटरांहून अधिक असणे, दृष्टिपटलाखाली द्रव असणे, दृष्टी ६/१५ किंवा त्याहून कमी असणे, नारिंगी द्रव्य असणे, सोनोग्राफीत पोकळपणा भासणे, आणि व्यास ५ मिलिमीटरांहून अधिक असणे. यांपैकी एकही लक्षण नसता पाच वर्षांत रूपांतराचा धोका १ टक्का, एक लक्षण असता ११, दोन असता २२, तीन असता ३४ आणि चार असता ५१ टक्के आढळला.

या आकड्यांचे वाचन विवेकाने झाले पाहिजे. अमेरिकेतील गौरवर्णीयांतील सर्व तिळांचा विचार करता दरवर्षी ८,८४५ तिळांपैकी एक मारक होतो, असा सिंग व त्यांचे सहकारी यांचा २००५ सालचा अंदाज आहे. पाच वर्षांसाठी हा धोका सुमारे ०.०६ टक्के येतो. म्हणजे वर दिलेल्या १ टक्क्याच्या सोळाव्या-सतराव्या हिश्श्याइतका. दोन आकडे परस्परविरोधी नाहीत. पहिला अभ्यास अर्बुदतज्ज्ञाकडे मुद्दाम पाठविलेल्या रुग्णांचा आहे, दुसरा अंदाज संपूर्ण लोकसंख्येतील लहानसहान तिळांसह केलेला आहे. शिबिरात योगायोगाने सापडलेला लहान, सपाट तीळ दुसऱ्या वर्गातील असतो. त्याच्या बाबतीत पहिल्या वर्गातील टक्केवारी सांगून रुग्णास घाबरविणे शास्त्रीय नव्हे.

सहा लक्षणांची यादी भोकरदनसारख्या ठिकाणी वापरताना दुसरीही अडचण येते. दृष्टी कमी असणे हे लक्षण तिळामुळे दृष्टी कमी झाली असेल तरच अर्थपूर्ण आहे. मोतीबिंदू असलेल्या रुग्णाची दृष्टी मोतीबिंदूमुळेच कमी असते. म्हणून हे लक्षण शस्त्रक्रियेनंतर, योग्य चष्म्यासह दृष्टी मोजूनच धरावे. उरलेल्या पाचांपैकी जाडी, द्रव, नारिंगी द्रव्य आणि पोकळपणा यांच्या खात्रीसाठी यंत्रे लागतात. व्यास मात्र जागच्या जागी मोजता येतो.

ज्या ठिकाणी साधने थोडी आहेत तेथे ब्रिटनमधील बर्टिल दमातो यांनी सुचविलेली मोल्स ही गुणांकनपद्धती अधिक सोयीची वाटते. तीत अळंबीसारखा आकार, नारिंगी द्रव्य, मोठा आकार, वाढ आणि द्रव या पाच बाबींस प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण दिले जातात. नसल्यास ०, संशयित वा किंचित असल्यास १, स्पष्ट असल्यास २. बेरीज ० आल्यास तो सामान्य तीळ, १ आल्यास अल्प जोखमीचा, २ आल्यास अधिक जोखमीचा आणि ३ किंवा अधिक आल्यास मेलॅनोमाच संभाव्य समजून रुग्णास त्वरित अर्बुदतज्ज्ञाकडे पाठवावे. हिचा खरा गुण असा की, ‘खात्री नाही’ या उत्तरालाही तीत जागा आहे. परीक्षकाला निश्चिततेचा आव आणावा लागत नाही.

‘वाढ’ म्हणजे काय?

निरीक्षणाचा सारा भर तीळ वाढतो की नाही यावर असतो. पण वाढ ठरविणे दिसते तितके सोपे नाही. येथे तीन भ्रम टाळावयास हवेत.

पहिला भ्रम प्रथमदर्शनाचा. भोकरदन तालुक्यातील साठी उलटलेली एखादी शेतकरी स्त्री मोतीबिंदू पूर्ण पिकल्यावर शस्त्रक्रियेस आली आहे, असे समजू. शस्त्रक्रियेपूर्वी पांढऱ्या मोतीबिंदूमुळे पडदा दिसतच नव्हता. शस्त्रक्रियेनंतर तो स्वच्छ दिसू लागला आणि अडीच बिंबव्यासांचा, ड्रूझनयुक्त, सपाट तीळ नजरेस आला. हा तीळ ‘नवा’ नव्हे. तो केवळ प्रथम दिसला आहे. शस्त्रक्रियेने तो निर्माण झाला ही समजूत घरी पसरण्यापूर्वीच दूर करणे परीक्षकाचे कर्तव्य आहे. याच उदाहरणाची दुसरी बाजूही आहे : ज्या डोळ्याचा पडदा मोतीबिंदूमुळे दिसत नाही त्याची शस्त्रक्रियेपूर्वी सोनोग्राफी केल्यास मागे दडलेले मोठे अर्बुद किंवा सुटलेला पडदा अगोदरच कळतो. ही तपासणी वगळल्यास, शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही दृष्टी का आली नाही, या प्रश्नाचे उत्तर फार उशिरा मिळते.

दुसरा भ्रम साधनांचा. दोन वेगळ्या यंत्रांनी, वेगळ्या कोनांतून, वेगळ्या प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रांत तिळाची कड वेगळी दिसते. सोनोग्राफीच्या मापातही अर्ध्या मिलिमीटरापर्यंत फरक केवळ हाताच्या व कोनाच्या भेदाने पडू शकतो. तेव्हा १.४ मिलिमीटरची जाडी पुढच्या खेपेस १.६ भरली, एवढ्यावरून वाढ सिद्ध होत नाही. छायाचित्रातील तुलना रक्तवाहिन्यांच्या फाट्यांच्या आधारे करावी. तिळाची कड एखाद्या फाट्याच्या अलीकडे होती आणि आता ती फाटा ओलांडून गेली, तर तो बदल विश्वसनीय होय.

तिसरा भ्रम असा की, वाढलेला प्रत्येक तीळ मारक असतो. माशायेखी व त्यांचे सहकारी यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या दीर्घ निरीक्षणात, सरासरी सुमारे पंधरा वर्षांच्या अवधीत जवळजवळ एकतृतीयांश तीळ किंचित वाढले, पण मारक झाले नाहीत. आणि तरुण रुग्णांत हे प्रमाण अधिक होते. ही वाढ वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. मेलॅनोमाची वाढ काही महिन्यांतच जाणवते आणि तिच्यासोबत द्रव किंवा नारिंगी द्रव्यही बहुधा नव्याने दिसते. म्हणून वाढीचा वेग आणि तिची सोबत या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

निरीक्षणाची साखळी

एकही धोक्याचे लक्षण नसलेल्या तिळाची पहिली नोंद छायाचित्रासह केल्यावर सुमारे सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी आणि बदल नसल्यास पुढे वर्षातून एकदा पाहावे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. एक-दोन लक्षणे असल्यास चार ते सहा महिन्यांचे अंतर ठेवतात. तीन किंवा अधिक असल्यास वाट न पाहता अनुभवी केंद्राकडे पाठवितात.

भोकरदनच्या रुग्णाच्या दृष्टीने ही साखळी कोठे तुटू शकते, हे पाहणे उद्बोधक आहे. पहिली तपासणी शिबिरात, दुसरी ग्रामीण रुग्णालयात, सोनोग्राफी जालना येथील एखाद्या विशेष नेत्ररुग्णालयात, आणि पुढची खेप छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, असे सहज घडते. प्रत्येक ठिकाणी परीक्षक निराळा व यंत्र निराळे. कापूस वेचणीच्या किंवा मिरची तोडणीच्या दिवसांत ठरलेली खेप चुकते, आणि नंतर रुग्ण येतो तेव्हा मूळ छायाचित्र कोठेच नसते. अशा स्थितीत दुसरी तपासणी ही पुन्हा पहिलीच ठरते. दोन वर्षांचे निरीक्षण एका क्षणात शून्यावर येते.

यावरचा उपाय यंत्रांच्या खरेदीपेक्षा सोपा आहे : तिळाचे छायाचित्र रुग्णाजवळच असावे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांसोबत त्याची छापील प्रत द्यावी, आणि भ्रमणध्वनीतही जतन करावयास सांगावे. प्रतीवर डोळा उजवा की डावा, तारीख, यंत्राचे नाव, चेताबिंबापासूनची दिशा व अंतर, बिंबव्यासांतील रुंदी, ड्रूझन व नारिंगी द्रव्य आहे की नाही, आणि पुढील तपासणीचा महिना एवढे लिहिलेले असावे. महिना शेतीच्या हंगामाचा विचार करून सुचवावा. खळे झाल्यानंतरची तारीख पाळली जाण्याचा संभव अधिक असतो. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमामुळे तालुक्यापर्यंत नेत्रतपासणीची जी रचना उभी राहिली, तिच्यात एवढी भर घालण्यास वेगळी यंत्रणा लागत नाही.

रुग्णाशी बोलताना शब्दांची निवड हाही उपचाराचाच भाग आहे. ‘डोळ्यात गाठ आहे’ हे वाक्य आणि ‘अंगावर असतो तसा डोळ्याच्या आत एक तीळ आहे, त्यावर नजर ठेवावयाची आहे’ हे वाक्य, या दोहोंतील शास्त्रीय आशय जवळजवळ एकच आहे. परंतु पहिले ऐकून माणूस एक तर हाय खातो, नाहीतर झाडपाल्याच्या औषधाकडे वळतो. दुसरे ऐकून तो पुढच्या वर्षी पुन्हा येतो. त्याचबरोबर, डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखे होणे, सरळ रेषा वाकडी दिसणे, किंवा दृष्टीचा एखादा भाग झाकला जाणे, यांपैकी काहीही जाणवल्यास ठरलेल्या महिन्याची वाट न पाहता यावे, हेही त्याला स्पष्ट सांगावे लागते. सौम्य राहूनही तीळ पीतबिंदूजवळ द्रव साचवून किंवा नव्या नाजूक रक्तवाहिन्यांना जन्म देऊन दृष्टी बिघडवू शकतो. तेव्हाही वेळेवर केलेल्या उपचाराचा उपयोग होतो.

मारक ठरल्यास

रूपांतर झाल्याचे ठरले म्हणजे पूर्वी डोळा काढणे हाच मार्ग असे. वर उल्लेखिलेल्या बहुकेंद्री अभ्यासात मध्यम आकाराच्या अर्बुदाच्या १,३१७ रुग्णांची तुलना झाली. डोळा काढलेले आणि किरणोत्सारी आयोडीनची चकती डोळ्यावर बसवून उपचार केलेले रुग्ण यांच्या आयुर्मानात फरक दिसला नाही, असे २००१ सालच्या निष्कर्षावरून सिद्ध झाले. मुंबईच्या तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने आयोडीन-१२५ चे कण आणि पुढे रुथेनियम-१०६ ची चकती देशातच तयार केल्याने हा उपचार भारतीय रुग्णांच्या अधिक आवाक्यात आला आहे. चेन्नई व हैदराबाद येथील प्रमुख नेत्रसंस्थांत तो केला जातो.

तथापि एक मर्यादा अद्याप कायम आहे. नेत्रांतर्गत मेलॅनोमा रक्तावाटे, मुख्यतः यकृतात, पसरतो, आणि डोळ्यातील अर्बुद पूर्ण नष्ट केल्यानंतरही दीर्घ काळाने जवळजवळ निम्म्या रुग्णांत असा प्रसार प्रकट होतो. अर्बुद जितके मोठे तितका हा धोका अधिक. लहान असतानाच ते ओळखण्याचे महत्त्व यातच आहे. आणि लहान अर्बुद हे तिळापासून वेगळे ओळखण्यास सर्वांत कठीण असते, हा या विषयातील मूळ पेच आहे.

समारोप

नेत्रांतर्गत सौम्य रंजित वृद्धीचे निदान एका भेटीत पूर्ण होत नाही. पहिल्या भेटीत केवळ एक विधान मांडले जाते. त्याचे समर्थन किंवा खंडन पुढील भेटी करतात. म्हणून पहिल्या भेटीचे मूल्य तीत काय दिसले यावर जितके, तितकेच ते कसे नोंदले यावर अवलंबून असते. तीळ विरळ, त्यातील मारक त्याहूनही विरळ; अशा विषयात एकट्या परीक्षकाचा अनुभव कधीच पुरा पडत नाही. पडद्याची छायाचित्रे तालुक्यांतून पद्धतशीर जतन होत गेली तर महाराष्ट्रातील गडद वर्णाच्या डोळ्यांत हे तीळ किती आढळतात, कसे दिसतात आणि किती वाढतात, याची उत्तरे येथल्याच सामग्रीवरून देता येतील. आज जे निकष वापरले जातात ते बहुतांशी परक्या, गौरवर्णीय डोळ्यांवरून बनलेले आहेत. ते भोकरदनच्या डोळ्यांना कितपत लागू पडतात हे ठरविण्याचे काम पदव्युत्तर संशोधकांपुढे उभे आहे, आणि त्याचा आरंभ तारीख घातलेल्या एका छायाचित्रापासून होऊ शकतो.